जायला पाच, यायला साडेचौदा

माझ्या भावाला घड्याळ कळत नाही, हे मला त्याची पन्नाशी उलटल्यावर समजलं. तसा तो बावड्यात शहाणा म्हणून ओळखला जातो. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात त्याचं खतं-औषधांचं दुकान आहे, थोडा ऊस आहे, दारात चारचाकी आहे, आणि संध्याकाळी दुकानापुढच्या बाकड्यावर बसून त्याच्या प्रत्येक वाक्याला माना हलवणारी रिकामटेकडी माणसं आहेत. विजयसिंह म्हणेल ती पूर्व दिशा, असं मानणारी ही मंडळी. मी तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला. पूर्व दिशा ठरवायला मला विजयची गरज पडत नाही, आणि हेच त्याला माझं खटकतं.

तर त्याच्या थोरल्या पोरीचं, अनुजाचं, लग्न ठरलं. मुलगा लंडनला. अमरसिंह नाव, वारणानगरकडचं घराणं, संगणकातली नोकरी, फोटोत सहा फूट. विजयनं पोरगा पाहिला तो फोटोतच, पण लंडन हा शब्द ऐकल्यावर त्याला पुढचं काही ऐकू येईना. एम.एस्सी. झालेली, दुकानाचा सगळा हिशोब संगणकावर चढवलेली पोरगी. तिला कुणी विचारलं नाही असं मी म्हणणार नाही. विचारलं. सगळा गोतावळा भोवती बसवून, पेढ्याचा बॉक्स उघडून विचारलं.

तिची आई वर्षाराणी, माझी भावजय, तिनं मात्र एक प्रश्न काढला. "लई लांब पडतंय न्हवं ओ?"

विजयनं खिशातून तिकिटाचा कागद काढला. मुलाच्या बापानं मोबाईलवर पाठवलेला, यानं दुकानात छापून आणलेला. "ह्ये बघ. मुंबईत रात्री दोनला इमान सुटतंय, सकाळी सातला लंडन. किती झालं?"

"पाच," बाकड्यावरचा केरबा म्हणाला. केरबा हा त्याचा मुख्य मान हलवणारा.

"पाच तास. आपल्याला पुण्याला जायचं म्हटलं तर रस्त्याच्या कामापायी सहा लागाल्यात. मग लांब काय, पुणं का लंडन?"

सगळे हसले. वर्षाराणीही हसली, कारण नवऱ्यानं कागद दाखवला होता.

मी तिथंच होते. गप्प बसणं मला जमत नाही, शिवाय हा माझा विषय. मी म्हटलं, "विजय, तिथले सात म्हणजे आपले सात नव्हेत. सूर्य आपल्याकडं आधी उगवतो, त्यांच्याकडं नंतर. विमान उतरतं तेव्हा आपल्याकडं दुपारचे साडेबारा झालेले असतात. सात हजार किलोमीटर आहे मुंबईपासून. साडेदहा तास लागतात. आणि इथनं मुंबई आहेच वर."

"अक्का, घड्याळ म्हंजे घड्याळ असतंय," तो म्हणाला. "दोनला बसला, सातला उतरला. तुझा भूगोल शाळेत राहू दे."

"बरं. मग परतीचं तिकीट वाच."

त्यानं वाचलं. सकाळी दहाला लंडन, रात्री साडेबाराला मुंबई. बोटांवर मोजलं. एकदा मोजलं, मग पुन्हा मोजलं. साडेचौदा. मला वाटलं, आता तरी याच्या डोक्यात उजेड पडेल. विजयनं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, "येताना चढ असणार."

"व्हय की," केरबा म्हणाला. "डोंगर आडवं येत असतील. शाहूवाडीला जाताना न्हाई का, यष्टी घाटात कशी रडतीया."

विजयला ते स्वतःला पटलं होतं असं मला वाटत नाही. इतका तो मठ्ठ नाही. पण केरबाला पटलं, आणि एकदा केरबाला पटलं की माझ्या भावाला माघार घेता येत नाही. अशा रीतीनं बावड्यात ठरलं की लंडनला जायला पाच तास लागतात आणि यायला साडेचौदा.

लग्नात हे पाच तास वाढप्यांनी जिलेबी फिरवावी तसे पंक्तीपंक्तीत फिरले. मांडवात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विजय ते सांगत होता. पाठवणीच्या वेळी वर्षाराणी पोरीच्या गळ्यात पडून रडायला लागली, तर हा मागून म्हणाला, "रडालीस काय, पाच तासावर तर हाय." रडण्यालाही त्यानं त्या पाच तासांचं ठिगळ लावलं. अनुजानं माझ्याकडं पाहिलं. तिला मी दहावीपर्यंत शिकवलं होतं. तिला खरा आकडा माहीत होता.

मग सुरू झाला रविवारचा सोहळा. दर रविवारी संध्याकाळी पाचला अमरसिंह आणि अनुजा व्हिडिओ कॉल करायचे आणि विजय तो कॉल सोप्यातल्या मोठ्या टीव्हीवर लावायचा. केरबा आणि मंडळी खुर्च्या टाकून बसायची, पोह्यांच्या बशा फिरायच्या. टीव्हीवर अमरसिंह इस्त्रीच्या शर्टात, शेजारी अनुजा. तो हवामान सांगायचा. विजय इकडून विचारायचा, "जावईबापू, थंडी काय म्हणतीया?" आणि थंडीनं काहीही म्हटलं की सगळे हसायचे. अनुजा फारसं बोलायची नाही. लाजाळू झाली, असं सगळ्यांचं एकमत झालं. ज्या पोरीनं उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांना भर दुकानात उभं करून झापलं होतं, ती पाच तासांत लाजाळू झाली म्हणे.

मला तिचा फोन आला तो मंगळवारी. मी नाचणीचं पीठ चाळत होते.

"आत्ती, आई-पप्पांना सांगू नकोस लगेच. हा इथं राहत नाही. रविवारी दुपारी येतो, शर्ट घालतो, माझ्याशेजारी बसतो, फोन ठेवला की जातो. त्याचं माणूस आहे दुसरं. लग्नाआधीपासनं आहे. घरच्यांनी धोशा लावला म्हणून त्यानं माझ्याशी लग्न केलं. त्यानंच सांगितलं, अगदी शांतपणे. म्हणाला, तू तुझी राहा, मी माझा राहतो, आठवड्यातनं एक तास तर काढायचाय."

"मग तू आठवडाभर काय करतेस?"

"एका किराणा दुकानात जाते. डाळी भरते पिशव्यांत." मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "आत्ती, मला यायचंय. पण पप्पांनी ये म्हणायला पाहिजे गं. त्यांच्या दारात उभी राहिले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर मी कुठं जाऊ?"

एवढंच होतं सगळं. पोरीला बापाच्या घराचं दार उघडं हवं होतं. मी पिठाचे हात धुतले आणि तडक दुकानात गेले. बाकड्यावरच्या मंडळींना उठवलं आणि विजयला सगळं सांगितलं.

त्याचा चेहरा पडला, हे मी कबूल करते. क्षणभर मला माझा धाकटा भाऊ दिसला. पण क्षणभरच. मग त्यानं दुकानाबाहेर पाहिलं, केरबा किती लांब उभा आहे ते बघितलं, आणि आवाज खाली आणला.

"असतंय सुरवातीला. जमंल त्यांचं."

"जमवायला तो घरी तरी राहतो का? तिला आण."

"अक्का, आण म्हणणं सोपं हाय. साडेचौदा तास लागतात यायला. एकटी बाई माणूस, मधी काय झालं तर? लई लांब हाय ते."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. ज्या माणसानं अख्ख्या गावाला लंडन पुण्याच्या अलीकडं आणून दाखवलं, त्यानंच आता ते उचलून पार सातासमुद्रापलीकडं ठेवलं. आणि घरी जाऊन त्यानं वर्षाराणीलाही तेच सांगितलं. जावयाचं कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. "तिला बलवा की," म्हणून मागं लागली. तर म्हणे, येताना चढ असतो, इमान हेलकावे खातं, एकट्या पोरीला सोसायचं नाही. तिनं ते खरं मानलं. मी तिला वहीवर गोल काढून समजावलं, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वन्सं, तुमी शिकलेल्या. पण तिकिटावर तर चौदाच लिवलंय न्हवं?"

मी मग दुसरी वाट काढली. नागपंचमी जवळ आली होती. पहिल्या पंचमीला लेकीला सासरहून आणायला तिचा भाऊ जातो. त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. मुराळी रिकाम्या हातानं परत येत नाही, हा त्यातला साधा नियम. मी विजयला म्हटलं, "तुझ्या राजवीरला मुराळी म्हणून पाठव. लोकांना सांगायलाही बरं, पोरगी पंचमीला आली. पुढचं पुढं बघू."

हे त्याला पटलं. इतक्या पटकन पटलं की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

विजय स्वतः माझा मुराळी झाला होता. माझं सासर शाहूवाडीच्या डोंगरात, भातशेतीचं. पहिल्या पंचमीला हा पंधरा वर्षांचा पोरगा एसटीनं आला, पुढं ओढ्याला पाणी म्हणून गुडघाभर चिखलातून चालत आला. सासूबाई म्हणाल्या, लावणीचे दिवस आहेत, सून मिळायची नाही. हा ओसरीवर बसला. जेवायला वाढलं तर जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही बसला. शेवटी सासऱ्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी माझी पिशवी बाहेर आणून ठेवली. परतीच्या वाटेवर ओढ्यात त्यानं माझा हात असा धरला होता की दोन दिवस मनगट दुखत होतं. त्या विजयवर माझा फार जीव होता. दुकानात बसलेला हा कोण, ते मला सांगता येत नाही.

राजवीर निघायच्या आठवडाभर आधी चौकात फ्लेक्स लागला. माणसाच्या दुप्पट उंचीचा. गॉगल घातलेला राजवीर, मागं विमान, घड्याळाचा मनोरा आणि खाली अक्षरं: 'बावड्याचा पहिला विमानी मुराळी! लंडन प्रवासास हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: केरबा व मित्र परिवार.' कोपऱ्यात विजयचा हात जोडलेला फोटो. जिला आणायला जायचं तिचा फोटो कुठंच नव्हता. राजवीर तेवीस वर्षांचा, कॉलेजातून नाव कमी झालेला, केसांना रोज अर्धा तास देणारा. त्याला मी सांगितलं, "तिला घेतल्याशिवाय विमानात चढायचं नाही."

"आत्ती, टेन्शन घिऊ नको. आणतो की," तो म्हणाला आणि माझा फोटो काढला.

तो दहा दिवस राहिला. रोज त्याचे फोटो यायचे. पुलावर राजवीर, लाल बसपुढं राजवीर, कबुतरांना दाणे टाकताना राजवीर. पंचमीच्या आदल्या दिवशी तो परत आला. विमानतळावर विजय, केरबा, हलगीवाला आणि मी. हलगी कडाडली, दार सरकलं, आणि राजवीर एकटाच बाहेर आला. ढकलगाडीवर दोन मोठ्या बॅगा, त्यात चॉकलेटं.

मी विचारलं, "अनुजा?"

त्यानं बापाकडं बघितलं. बापानं हलगीवाल्याकडं. हलगीवाल्यानं बिचाऱ्यानं हात थांबवला.

"दाजींना सुट्टी न्हाई मिळाली," राजवीर म्हणाला. "मग तिला एकटीला कशाला... पप्पांचा फोन आलता, राहू दे म्हणून."

म्हणजे मुराळी पाठवणाऱ्यानंच त्याला फोन करून सांगितलं होतं, आणू नको. इथं आली तर परत जायची नाही, मग लोकांना काय सांगायचं? त्यापेक्षा चॉकलेटं बरी. वर्षाराणीनं पंचमीला पुरणाची दिंडं केली होती आणि दारात पाट मांडला होता. तो पाट तिनं उचलला नाही. विजय त्याला वळसा घालून आत-बाहेर करत राहिला.

मी त्या रात्री अनुजाला फोन केला. राजवीरनं तिला काय सांगून समजावलं होतं ते तिनं मला सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "आत्ती, तो माझ्याकडं दोनदाच आला. बाकी वेळ मोकळा होता त्याचा."

"तू ये," मी म्हटलं. "बापाचं दार नाही उघडलं तर माझं आहे. दोन खोल्या आहेत, पाणी दिवसाआड येतं, पण दार माझं आहे."

"आईचं काय?"



दसऱ्याच्या आधीच्या रविवारी ती आली. डाळी भरून साठवलेल्या पैशातून तिनं स्वतः तिकीट काढलं होतं. मुंबईहून बसनं दुपारी कावळा नाक्याला उतरली. अंगावर जाड कोट, हातात एकच बॅग. मी म्हटलं, आधी माझ्याकडं चल, आंघोळ कर, जेव. ती म्हणाली, "नको. आज रविवार आहे ना? पाच वाजता सगळे असतील. आत्ताच जाऊया."

रिक्षा चौकातून वळली. राजवीरचा फ्लेक्स अजून तसाच होता, एका बाजूनं फाटून फडफडत होता. तिनं तो शांतपणे वाचला. "मुराळी चांगला दिसतोय," ती म्हणाली.

घराचं दार उघडंच होतं. आत सोप्यात टीव्हीवर अमरसिंह होता. इस्त्रीचा शर्ट, शेजारची खुर्ची रिकामी. केरबाच्या हातात पोह्यांची बशी. आम्ही उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलो. दाराकडं सगळ्यांच्या पाठी होत्या.

"अनुजा कुठं हाय ओ?" विजय टीव्हीला विचारत होता.

"ती जरा खाली दुकानात गेलीय," अमरसिंह म्हणाला. "दूध आणायला. येईलच आता."

"घाई न्हाई, येऊ दे निवांत," विजय म्हणाला.

"आले," अनुजा दारातून म्हणाली.

केरबाची बशी कलंडली. विजय वळला. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होते, कारण सगळं तिथंच ठरणार होतं. त्याची नजर आधी पोरीवर गेली, मग केरबावर, मग तिच्या बॅगेवर, मग पुन्हा केरबावर. टीव्हीवरचा जावई म्हणाला, "हॅलो? आवाज येतोय का?" विजयनं रिमोट शोधला, त्याला तो सापडला नाही. मग तो दारापाशी आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "मागच्या दारानं आत जा. दमली असशील. मग बोलू."

सात हजार किलोमीटर आणि वर मुंबई ते कोल्हापूर एकटीनं पार करून आलेल्या पोरीला त्यानं शेवटची वीस पावलं मागच्या दारानं चालायला सांगितली. मला इतकी किळस आली की मी तोंड उघडलं, पण त्याआधी आतून वर्षाराणी आली. तिच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. स्वयंपाकघरातून तिनं नुसता आवाज ऐकला होता आणि बाकी काही न विचारता तुकडा मोडला होता.

"तिथंच उभी ऱ्हा," ती पोरीला म्हणाली. "हालू नको."

तिनं तुकडा आणि पाणी ओवाळलं. मग तिनं पोरीच्या गालावर हात ठेवला.

"साडेचौदा तास बसलीस बाई? एकटी? चढाचं?"

अनुजाला आधी कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या लक्षात आलं.

"चढ कुठला, आई? जाताना साडेदहा तास लागतात. येताना दीड तास कमीच. वारं पाठीमागनं असतं ना."

"कमी?"

"कमी."

वर्षाराणी मनात हिशोब करत होती, आणि तो तासांचा नव्हता. सगळे रविवार, पंचमीचा पाट, चॉकलेटांच्या बॅगा. मी वहीवर गोल काढून जे तिच्या गळी उतरवू शकले नाही, ते पोरीच्या एका शब्दानं उतरलं. तिनं तुकडा बाहेर भिरकावला. दारात विजय उभा होता, तो त्याच्या पायाशी पडला. त्यानं पाय मागं घेतला.

"बरं, बरं," विजय म्हणाला. केरबा ऐकतो आहे हे त्याच्या ध्यानात होतं, म्हणून त्यानं आवाज मोठा केला. "आली ती चांगलंच झालं. सणाची आली. चार दिस ऱ्हाऊ दे, मग मी सोतः सोडून येतो. पाच तासाचा तर परश्न हाय."

वर्षाराणीनं पोरीची बॅग उचलली. जड होती, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

"पाच तासात तुमी जावा," ती म्हणाली. "माझी पोरगी जायाची न्हाई."

आणि ती अनुजाला पुढच्या दारानं, त्या सगळ्या खुर्च्यांच्या मधून, आत घेऊन गेली. केरबानं पाय आवरून वाट दिली. टीव्हीवर अमरसिंह अजून विचारत होता, आवाज येतोय का. शेवटी मीच जाऊन बटण बंद केलं.